राखाडी आइसकांडी

चेलिमोनं दुधाच्या तुंब्याचं टोपण काढलं, नाक आत घातलं आणि तशीच थांबली.

आतून लिंबाच्या साबणाचा वास येत होता.

तिनं तुंबा दाराच्या उजेडात धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. जिथं कायम काळंभोर असायचं, चुलीच्या पाठीसारखं, तिथं आता पिवळट साल दिसत होती. लख्ख, नव्या बशीसारखी. तिनं बोट घालून आत फिरवलं, बाहेर काढलं. बोट कोरडं आणि स्वच्छ.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची तर दुखऱ्या नडगीतूनच वर गेली.

अंगणात पत्र्याखाली काड्झो आंबे सोलत बसली होती. तिच्या शेजारी तो फ्रिजर. ही बाई बाबांशी लग्न होऊन किलिफीहून इथं इटेनला आली ती ट्रकच्या टपावर फ्रिजर बांधूनच. समुद्राकाठी उकाड्यात ती दह्या-फळांच्या आइसकांड्या करून विकायची. इटेन डोंगराच्या माथ्यावर, इथं लोक सकाळी स्वेटर घालून दात घासतात. "थंडीवाल्यांना बर्फ विकायला आली!" म्हणून सगळी गल्ली हसली होती. पण बाई हटली नाही. दही फडक्यात टांगायची, त्याचा घट्ट गोळा झाला की त्यात केळं नाहीतर पपई नाहीतर खालच्या केरियो खोऱ्यातला आंबा कुस्करायची, साखर अजिबात नाही, वाटलंच तर चमचाभर मध. मग लांबट पिशव्यांत भरून गाठ मारायची. आणि आता धावायचा सराव करणारी पोरं परतताना न चुकता चेलिमोच्याच फाटकापाशी थांबतात, हे तिला मुळीच आवडत नव्हतं.

"सापडला का गं?" काड्झो वर न बघताच म्हणाली. "मीच ठेवला होता उन्हात. काय ती काजळी, बाई! किती वर्षांची कोण जाणे. गरम पाणी घातलं, खडे घालून खुळखुळवला, बाटलीचा ब्रश घातला, तेव्हा कुठं सुटली. खांदा भरून आला माझा."

"तू धुतलास?"

"मग काय आपोआप धुतला गेला?"

"साबणानं?"

आता काड्झोनं वर पाहिलं. हातातला आंबा हातातच राहिला.

"आमच्यात तुंबा साबणानं धूत नाहीत!" चेलिमो ओरडली. "ती घाण नव्हती! ती मुद्दाम लावतात! सेनेत्वेतची फांदी जाळून, निखारा आत फिरवून लावतात, मग त्यात दूध मुरतं. पोराटोरांना ठाऊक असतं हे!"

आमच्यात हा शब्द काड्झोला आता पाठ झाला होता. आमच्यात दारात बसून गाणं म्हणत नाहीत. आमच्यात भातात नारळ घालत नाहीत. आमच्यात दुधात फळ घालत नाहीत. यातलं अर्धं खरं होतं आणि अर्धं चेलिमोनं तिथल्या तिथं रचलेलं, पण काड्झो प्रत्येक वेळी "असं का? बरं बरं," म्हणून मान हलवायची. त्यानं तर चेलिमोचं डोकं आणखीच फिरायचं. भांडायला निदान भिंत तरी पाहिजे. ही बाई म्हणजे टांगलेलं फडकं.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," काड्झो म्हणाली.

"विचारलंस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

हे खरं होतं, म्हणून चेलिमोनं समोरच्या बादलीला लाथ मारली. नेमकी दुखऱ्या पायानं. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली म्हणून तर कॅम्पमधून तिला घरी धाडलं होतं. धावण्यासाठी तिनं शाळा सोडली, आणि आता धावणंही बंद. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हाडं पोकळ झालीत पोरीची, खात नाही ही, दूध, दही, फळं पोटात जाऊ देत. कोच म्हणाला होता, अंगाला मांस लावून ये, मग बघू. अंगाला काय लागणार? काड्झोच्या हातचा घास तिच्या घशाखाली उतरायचा नाही. बाजारातला उकडलेला मका आणि या तुंब्यातलं मुरसिक, एवढ्यावर ती जगत होती. मुरसिक म्हणजे तुंब्यात मुरवलेलं दूध, आंबट, दाट, धुराच्या वासाचं. आई गेली त्यालाही वर्षं झाली होती, पण तुंबा होता. तो नाकाशी नेला की स्वयंपाकघर पुन्हा आईचं व्हायचं.

ती पाय धरून खाली बसली. काड्झो आंब्यानं बरबटलेल्या हातांनी धावत आली.

"बघू दे, कुठं लागलं—"

"हात लावू नकोस!" चेलिमोनं तुंबा छातीशी धरला. "माझी आई होती यात. तू माझ्या आईला घासून टाकलंस."

काड्झो तिथंच उभी राहिली. तिच्या बोटांवरून आंब्याचा रस ओघळून मातीत पडत होता. मग तिनं हात कमरेच्या कापडाला पुसले, दोन्ही बाजूंनी, अगदी सावकाश, आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

चेलिमोनं तो ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लंगडत फाटकाबाहेर पडली.

*

तापकिगेन आत्या उतारावरच्या घराबाहेर शाल गुंडाळून उन्हात बसली होती. चेलिमोनं तुंबा तिच्या नाकाखाली धरला.

आत्यानं वास घेतला. परत घेतला. आणि हसायला लागली ती ठसका लागेपर्यंत.

"साबण! अरे देवा, साबण! तुझी आई असती ना, तर हसून हसून परत मेली असती."

"यात हसण्यासारखं काय आहे, आत्या?"

"तुझं तोंड. बस खाली. पाय कसा आहे? किती वाळलीस गं, कुंपणाची काठी बरी." आत्यानं डोळे पुसले. "आणि ती काय म्हणाली, ती समुद्रवाली?"

"काही नाही. बॅग भरतेय."

"अस्सं." आत्याचं हसू थांबलं. "मग? झालं समाधान?"

चेलिमो पायातल्या चपलेचा पट्टा ओढत बसली. "ते जाऊ दे. तू आधी याला काजळी लावून दे. साबणाचा वास जाईल ना? नेहमी लावतेस तशी लाव, पण जास्त."

"मी लावते?"

"तूच ना. दर शनिवारी बाबा तुझ्याकडे आणून देतात."

आत्यानं शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि तिच्यासमोर धरले. बोटांच्या गाठी आल्याच्या गड्ड्यासारख्या फुगलेल्या, एकही बोट सरळ नव्हतं.

"या हातांनी मला बटाटा सोलवत नाही, पोरी. निखाऱ्याची फांदी धरून तुंब्यात कुठली फिरवू? तुझी आई गेली त्याच्याही आधीपासून बंद आहे माझं ते."

"मग कोण लावतं?"

आत्या कुंपणाकडे बघायला लागली. कुंपणाला सेनेत्वेतचं झुडूप होतं, पिवळ्या तुऱ्यांचं. एका अंगानं त्याच्या बऱ्याच फांद्या तोडलेल्या दिसत होत्या, काही जुन्या, काही ताज्या.

"मला काय ठाऊक," आत्या म्हणाली. "माझी नजर अधू झालीय. शनिवारी कुणी येतं, फांदी तोडतं, माझ्या गोठ्यामागं जाऊन विस्तव करतं, तासभर तिथं खोकत बसतं. एवढा दांडगा ट्रकवाला, आणि धूर गेला की शेळीसारखा शिंकतो. कोण असतं ते मी बघत नाही. आमच्यात पुरुषानं तुंब्यात हात घातला तर गाव त्याला बायकांचं कापड नेसवेल. म्हणून मी काही पाहिलेलं नाही."

चेलिमो त्या तोडलेल्या फांद्यांकडे बघत राहिली.

शनिवारी बाबा कोटाखाली तुंबा घेऊन जायचे. "आत्याकडे देऊन येतो," म्हणायचे. आणायचे तेव्हा डोळे लाल आणि नखं काळी. ट्रकवाल्याची नखं काळीच असायची, असं तिला वाटायचं. कोचच्या खोट्या दातापासून दुकानदाराच्या खोट्या मापापर्यंत सगळं जिला दिसायचं, तिला एवढं दिसलं नव्हतं.

"म्हणजे आत आईचं काहीच नव्हतं," ती म्हणाली.

"काजळी काय गोंदण आहे का गं? ती प्रत्येक खेपेला निघते, प्रत्येक खेपेला नवी लावावी लागते. तुझ्या आईनं लावलेली तर ती गेली त्या महिन्यातच तू पिऊन टाकलीस." आत्यानं वाकड्या बोटांनी तिच्या गालाला टोचलं. "तेव्हा तू काही खात नव्हतीस. आठवतंय? एवढंच प्यायचीस. मग तो बिचारा काय करणार?"

चेलिमोनं नाक ओढलं आणि बाहीनं पुसलं.

"आणि काय गं," आत्या म्हणाली, "तुंबा धुतला तो धुतला. त्यातलं दूध कुठं गेलं?"

हा प्रश्न चेलिमोला पडलाच नव्हता.

"ओतलं असेल."

"ती? माझ्याकडे आली होती एकदा, तर भांड्याला चिकटलेलं दही बोटानं निपटून खाल्लंन. ती बाई मुरलेलं दूध ओतायची नाही. जा घरी. आणि जाताना फांदी तोडून ने. जाडशी बघ."

*

काड्झो पायरीवर बसली होती. बॅग शेजारी, डोक्याला बाहेर जायचा रुमाल.

"एल्डोरेटला बहिणीकडे जाते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना फोन केलाय, ते वाटेतच आहेत. ते आले की निघते, घर उघडं टाकून कशी जाऊ. फ्रिजर राहू दे इथंच. जड आहे."

चेलिमो सरळ फ्रिजरपाशी गेली आणि झाकण उचललं. थंडगार वाफ तोंडावर आली. वर पिवळ्या कांड्या होत्या, आंब्याच्या. मग गुलाबी, पपईच्या. मग केळ्याच्या, पांढुरक्या. ती हातानं बाजूला सारत खाली गेली. अगदी तळाशी, लाल दोऱ्यानं गाठी मारलेल्या काही कांड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. राखाडी. पाऊस भरून आलेल्या आभाळासारख्या, आणि मधूनमधून त्यात आंब्याच्या पिवळ्या फोडी.

तिनं एक उचलली. बोटं चिकटली थंडीनं.

"हे काय आहे?"

"तुझंच आहे," काड्झो म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या दही-फळ द्या. माझ्या हातचं तू खात नाहीस. म्हटलं, तुझ्या तुंब्यातलंच दूध घेतलं तर खाशील, मी नुसता आंबा घालते, माझा हात जेमतेम लागेल. दूध काढलं, तुंबा रिकामा झाला. रिकामं भांडं खरकटं कसं ठेवायचं? म्हणून धुतला." ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "दूध राखाडी का, असं वाटलंच होतं मला. म्हटलं, चुलीजवळ ठेवतात, धूर बसत असेल. तुझा पाय दुखतो, तुला धुवायला जमत नसेल. वेडी मी."

चेलिमोनं पिशवीचं टोक दातानं फाडलं. ती उभ्याउभ्याच खायला लागली. आधी नुसता गारठा, दातांना झिणझिण्या आणणारा. मग आंबट. मग त्या आंबटातून हळूच तो धूर वर आला, घशाच्या मागच्या बाजूला, तिला ठाऊक असलेला. शनिवारचा धूर. आणि तो जातोय न जातोय तोच दाताखाली आंबा आला.

पायरीवरून काड्झो बघत होती, पण बघत नसल्यासारखी.

"मध नाही घातलास," चेलिमो म्हणाली.

"तुला गोड आवडत नाही."

"कुणी सांगितलं?"

"तू चहात साखर घालत नाहीस. केळंसुद्धा कच्चटच उचलतेस. दिसतं की मला."

चेलिमोनं दुसरा घास घेतला. दात शिवशिवले म्हणून की कशानं, तिनं डोळे घट्ट मिटले.

"आंबा जरा बारीक चिरायला पाहिजे," ती तोंडातल्या बर्फातून म्हणाली. "गोठला की दगड होतो. माझा दात पाडशील."

"असं का?" काड्झो म्हणाली. "बरं बरं."

तेवढ्यात खालच्या वळणावर बाबांच्या ट्रकचा भोंगा वाजला.

बाप, किमाइयो, फाटकातून आत आला तो आधी बॅगेकडे बघून थांबला. मग बायकोच्या रुमालाकडे, मग पोरीच्या तोंडाला लागलेल्या राखाडी मिशीकडे. चेलिमोनं पुढं होऊन एका हातात धुतलेला तुंबा दिला, दुसऱ्या हातात सेनेत्वेतची फांदी.

"बाबा, शिकवा."

"मी?" त्यानं फांदी साप धरल्यासारखी धरली. "मला काय येतंय त्यातलं. ही बायकांची कामं. आत्या आहे की—"

"साबणानं धुतलाय. वास काढायचाय. मी दार लावून घेते."

"आत्या काही बोलली का तुला?"

"आत्यानं काही पाहिलेलं नाही."

बापानं लेकीकडे पाहिलं. मग त्यानं घरात जाऊन कोट काढून खुंटीला लावला आणि कोटाबरोबर जसं काही ओझंच उतरलं असावं, तसा चुलीपुढं बसकण मारून बसला.

दार लागलं. चुलीत फांदीचं टोक लालभडक झालं. काड्झो बॅग घेऊन दाराच्या आतच उभी होती.

"तू पण ये," चेलिमो म्हणाली. "नाहीतर परत धुशील."

काड्झो आली. रुमाल डोक्यावर तसाच होता.

"टोचायचं नाही," किमाइयो हळू आवाजात सांगायला लागला, जणू भिंतीपलीकडे सगळा गाव कान लावून बसलाय. "कडेकडेनं फिरवायचं. निखारा फुटला पाहिजे, साल जळता कामा नये. आवाज ऐका. खरखर आली की बरोबर. आता हलवा. आता फुंका, जास्तीचं उडून जाऊ दे." आणि तो शेळीसारखा शिंकला.

काड्झोही शिंकली. तुंब्यातून काळा फवारा उडाला तो सगळा तिच्या बाहेर जायच्या रुमालावर. तिनं रुमाल सोडला, बघितला, आणि तोंड पुसायला घेतला.

पहिल्या खेपेला साबण गेला नाही. दुसऱ्या खेपेला थोडा राहिला. किमाइयोनं तुंबा हुंगला आणि पुढं केला. या खेपेला फांदी काड्झोच्या हातात होती आणि तुंबा चेलिमोनं धरला होता, दोन्ही गुडघ्यांत घट्ट.

*

मका कणसावर आला तेव्हा चेलिमो सकाळची चालायला जायला लागली होती. अजून धावणं नाही, नुसतं चालणं, पण कोच गाडीतून जाताना काच खाली करून बघून गेला होता. परत आली की ती फ्रिजरपाशी बसायची, कारण काड्झोला हिशेब करताना गाणं म्हणायची सवय होती आणि त्यात पैसे चुकायचे.

त्या दिवशी शेजारची जेरोनो काकू फाटकावर टेकली. तिला विकत काही घ्यायचं नसायचं, बघायचं असायचं. तिची नजर राखाडी कांड्यांवर पडली.

"हे काय गं? सिमेंट गोठवलंय की काय?"

"मुरसिक आहे. आंबा घातलेलं."

"मुरसिकमध्ये आंबा!" काकूनं छातीवर हात ठेवला आणि पायरीवर गात बसलेल्या काड्झोकडे भुवया उडवल्या. "किनाऱ्यावरची खुळं ही. आपल्यात कुणी दुधात फळ घालतं का? तूच सांग."

काड्झोचं गाणं थांबलं.

चेलिमोनं तोंडातली कांडी काढली.

"आमच्यात घालतात," ती म्हणाली. "घ्यायची असली तर घे काकू, नाहीतर बाजूला हो. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

काकूनं चमकून मागं वळून पाहिलं. मागं एक कोंबडी उभी होती.